रिक्षाचा नंबर येईपर्यंत

सोलापूर स्टेशनच्या स्टँडवर माझी रिक्षा असते. गाडी आली की दहा मिनिटं धावपळ, मग पुढची गाडी येईपर्यंत नुसतं बसणं. रांगेत सातवा-आठवा नंबर लागला तर अर्धा-पाऊण तास हलायचं नाव नाही. मे महिन्यात ४२-४३ डिग्री ऊन असतं, तेव्हा दुपारी रस्त्यावर माणूसच नसतो. पूर्वी मी पेपर तीनदा वाचायचो, श्रद्धांजलीच्या जाहिरातींसकट. गेली चार वर्षं मोबाइलवर खेळतो. टाकले आणि काढून टाकले असे पन्नास तरी गेम झाले असतील. उरले चार.

हे चार उरायचं कारण एकच. ‘सात रस्त्याला येणार का?’ असं कुणी विचारलं की त्याच क्षणी फोन खिशात टाकता आला पाहिजे आणि परत काढल्यावर डाव जिथल्या तिथं सापडला पाहिजे. नवीन गेम टाकला की मी आधी चार चाली खेळतो, गेम पूर्ण बंद करतो, परत उघडतो. डाव गेला असेल तर गेमही गेला. घड्याळ लावून पळवणारे, ‘पाच जीव संपले, आता अर्धा तास थांबा’ म्हणणारे गेम आपल्या कामाचे नाहीत. थांबायला आपण आधीच बसलेलो असतो.

दुसरी गोष्ट जाहिरातींची. पोरं सांगतात, एरोप्लेन मोड लावा. पण मग फोनच लागत नाही, आणि शाळेच्या पोरांना सोडायला-आणायला माझी बांधलेली गिऱ्हाइकं आहेत. म्हणून फक्त नेट बंद करायचं. फोन येत राहतो आणि जाहिराती बऱ्याचशा थांबतात. गेम घरी उतरवून घ्या आणि नेट बंद करून एकदा चालतो का बघा. साधा सापाचा गेम तुमचे फोन नंबर बघायची परवानगी मागत असेल तर त्याला तिथंच रामराम करा.

आता माझा लाडका, २०४८. हा २०१४ साली इटलीतल्या १९ वर्षांच्या पोरानं, गाब्रिएले चिरुल्लीनं बनवला. चार बाय चारच्या सोळा घरांत आकडे असतात. बोटानं सरकवलं की सगळे त्या बाजूला जातात आणि सारखे दोन भिडले की एक होतात: २ आणि २ चे ४, ४ आणि ४ चे ८, असं करत २०४८. प्रत्येक चालीला एक नवा आकडा येतो, बहुतेक वेळा २, कधीमधी ४. सहा महिने मी चारही बाजूंना बोटं फिरवत होतो आणि २५६ च्या पुढं जात नव्हतो. माझ्या पुढच्या रिक्षातला अन्ना एकदा डोकावून म्हणाला, “एक कोपरा धर की बे!” तेवढ्यावर सगळं सुधारलं.

सगळ्यात मोठा आकडा खाली डाव्या कोपऱ्यात ठेवायचा. बोट फक्त डावीकडं आणि खाली. दोन्ही अडलं तरच उजवीकडं, आणि लगेच परत डावीकडं. खालची ओळ चारही घरांनी भरलेली आणि शेजारचे आकडे वेगवेगळे असले की उजवीकडं सरकवलं तरी कोपरा हलत नाही, म्हणून ती ओळ भरलेली ठेवायची. वर सरकवायचं नाहीच. वर नेलं की मोठा आकडा जागचा उठतो आणि त्याच्या खाली एखादा २ येऊन बसतो. मग तो काढता काढता डाव संपतो. खालच्या ओळीत ५१२, २५६, १२८, ६४ असा उतार लागला की समजा जमलं. घाई नको. मी प्रत्येक चालीआधी नवा आकडा कुठं पडला ते बघतो.

सुडोकू मुलीनं मोबाइलमध्ये घालून दिला. नऊ बाय नऊच्या घरांत १ ते ९ आकडे भरायचे; आडव्या ओळीत, उभ्या रांगेत आणि तीन बाय तीनच्या चौकटीत एकही आकडा दोनदा यायला नको. यात बेरीज-वजाबाकी काही नाही, आकड्यांना भिऊ नका. ‘सोपा’ निवडा आणि वेळ दाखवणारं घड्याळ सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. जो आकडा जास्त वेळा दिसतोय तो आधी धरायचा. समजा ७. वरच्या तीन चौकटींपैकी दोघींत ७ आहे, तर तिसरीतला ७ उरलेल्या एकाच ओळीत बसणार. त्या ओळीतली रिकामी घरं बघा, खालच्या उभ्या रांगांत ७ आहे का बघा. बहुतेक वेळा एकच घर उरतं. अंदाजानं भरू नका. एक चूक वीस घरांनंतर कळते.

साप म्हणजे १९९७ सालच्या नोकियातला तोच. कडेकडेनं न्या, नागमोडी फिरवा, झालं. रांग भराभर पुढं सरकत असेल तेव्हा हा खेळू नका, मागचा हॉर्न वाजवतो.

लुडो चौघांत एकाच फोनवर खेळता येतो, पण आमच्या स्टँडवर त्यावरून दोनदा भांडणं झाली, म्हणून तो यादीतून काढला. पैसे लावायच्या गेमला तर हातच लावू नका. आमच्यातल्या एकाचे रमीत रिक्षाचे दोन हप्ते गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं असल्या खेळांवर बंदीचा कायदा केला, तरी मोबाइलवर लिंका येतातच.

उन्हात स्क्रीन दिसावी म्हणून उजेड पूर्ण वाढवला की बॅटरी बघता बघता उतरते, आणि काचेजवळ ठेवलेला फोन इस्त्रीसारखा तापतो. सीटच्या सावलीत धरा. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की खेळ बंद.

चौथा गेम पत्त्यांचा, सॉलिटेअर. तो रात्रीसाठी. आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कधी रात्री एकला, कधी पहाटे चारला. सुडोकूनं मला झोप लागते, पत्त्यांनी लागत नाही. सात रांगांत २८ पानं मांडलेली असतात, २४ गड्डीत. गड्डीला हात लावायच्या आधी रांगांतली उलटी पानं उघडायची, तीही जिथं जास्त दडलीत तिथली आधी. लाल-काळं आलटून पालटून, उतरत्या क्रमानं: किल्वर राजावर बदाम राणी, तिच्यावर इस्पिक गुलाम. हाताशी राजा नसेल तर रांग रिकामी करू नका, रिकाम्या जागी राजाच बसतो. सेटिंगमध्ये एकेक पान काढायचं ठेवा, तीन-तीन नको.

फोनचा आवाज बंद आणि नळ उघडा ठेवून बसायचं. पाण्याआधी नळातून वारा सुटतो, सूं आवाज येतो. तो आला की पत्ते आहेत तसे टाकून मी बायकोला हाक मारतो आणि पिंपात पाइप सोडतो. राहिलेला डाव सकाळी स्टँडवर.