स्पायरोमेट्रीचं प्रॅक्टिकल: आदल्या दुपारपासूनची तयारी

स्पायरोमेट्रीला, म्हणजे श्वासातली हवा मोजायला, पहिल्या वर्षाची बॅच सकाळी येणार असेल, तर तयारीला आदल्या दुपारीच लागा. पहिलं काम पाण्याचं. साध्या स्पायरोमीटरच्या टाकीतलं शिळं पाणी ओतून टाका, टाकी घासून घ्या आणि ताजं पाणी भरा, म्हणजे सकाळपर्यंत ते खोलीच्या तापमानाला येईल. आतल्या नळीचं तोंड पाण्याच्या वरच राहायला हवं. पाणी जास्त झालं तर ते नळीत शिरतं आणि फुंकणाऱ्याला नुसती गुडगुड ऐकू येते. बेल, म्हणजे पाण्यात उपडं तरंगणारं भांडं, हाताने वरखाली करून बघा: दोरी कप्पीवरून उतरत नाही ना, खाली टेकल्यावर काटा शून्यावर येतो ना. मग बेल हवेने अर्धी भरा, नळीला बूच लावा, वर एखादं छोटं वजन ठेवा आणि चहा पिऊन या. परत आल्यावर काटा खाली सरकलेला दिसला, तर बहुधा रबरी नळीला चीर गेलेली असते. चिकटपट्टी लावत बसू नका, नळीच बदला.

थर्मामीटर टाकीजवळच ठेवा. फुप्फुसातली ३७ अंशांची दमट हवा टाकीत येऊन थंड होते आणि आक्रसते, त्यामुळे वाचन खऱ्यापेक्षा कमी येतं. खोली २५ अंशांवर असेल तर १.०७५ ने गुणायचं, ३० वर असेल तर १.०४५ ने. म्हणजे २५ अंशांना टाकीवर दिसलेले ३ लिटर छातीत सव्वातीनच्या जवळपास होते. जर्नलमधला हा रकाना मुलं हमखास कोरा सोडतात, म्हणून तो फळ्यावर आधीच आखून ठेवा.

संगणकाच्या स्पायरोमीटरची तयारी थोडक्यात आटपते. यंत्र पडताळायची ३ लिटरची कॅलिब्रेशन सिरिंज हळू, मध्यम आणि जोरात अशी तीनदा ढकला, आकडा २.९१ ते ३.०९ मध्ये यायला हवा. फिल्टर माणसागणिक नवा. मला स्वतःला जुनी टाकीच आवडते, कारण श्वास डोळ्यांसमोर वर चढताना दिसतो.

उंची मोजायची पट्टी आणि वजनकाटा विसरू नका. उंची विचारून लिहू नये, चपला काढायला लावून मोजावी. विचारली की मुलगे दोन सेंटिमीटर चढवूनच सांगतात. लंडनमध्ये जॉन हचिन्सनने दोन हजारांवर माणसांचे श्वास मोजून १८४६ साली व्हायटल कपॅसिटी (पूर्ण श्वास घेऊन शेवटपर्यंत सोडता येणारी हवा) उंचीबरोबर वाढते हे दाखवलं, तेही पाण्यातल्या बेलवरच. उंची चुकली की अपेक्षित आकडा चुकतो आणि धडधाकट पोरगं कागदावर आजारी ठरतं.

आता फुंकणाऱ्याची तयारी. सकाळी मिसळ चापून आलेल्याला उभं करू नका, पट्टा आवळलेला असेल तर सैल करायला सांगा. नुकतंच डोळ्याचं, छातीचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालंय का, कधी फुप्फुसाभोवती हवा साठली होती का, खोकल्यातून रक्त पडतं का, हे बाजूला घेऊन विचारा, बॅचसमोर नको. दमा असलेल्याला प्रॅक्टिकलपायी पंप थांबवायला सांगू नका. त्याला वाचनं लिहायला बसवा. मागे बिनचाकी खुर्ची हवीच, कारण जोर लावून सोडताना एखाद्याला गरगरतं.

सूचनांची तालीम करून ठेवा. ‘जोरात फुंका’ म्हटलं की मुलं गाल फुगवतात. त्याऐवजी नाकाला क्लिप लावून स्वतः करून दाखवा: पूर्ण श्वास, ओठ घट्ट, मग शेवटपर्यंत सोडणं. टाकीतून श्वास आत घ्यायचा नाही, हे प्रत्येकाला बजावा. साधा श्वास जेमतेम ५०० मिलिलिटरचा, एकेकटा नीट वाचता येत नाही. पाच सलग सोडायला लावा आणि पाचाने भागा. व्हायटल कपॅसिटीची तीन वाचनं घ्या, सर्वांत मोठं धरा, सरासरी नको. जोर लावूनही आत उरणारी सुमारे १.२ लिटर हवा या टाकीवर कळत नाही, त्याला हेलियम वायू श्वासातून देऊन मोजायची पद्धत लागते. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा प्रश्न येतोच, तेव्हा तिथेच सांगून मोकळे व्हा.

बॅच गेली की टाकी रिकामी करा, तोंडात धरायच्या नळ्या जंतुनाशकात बुडवा आणि नोज क्लिप मोजून डब्यात ठेवा. दर वेळी एक तरी कुणाच्या ॲप्रनच्या खिशातून घरी जाते.