कान कोरण्याआधी

चैत्र-वैशाखात विहिरीवर पोहून आलेला मुलगा एका कानावर तळहात दाबत घरी येतो आणि कानाला दडे बसल्याची तक्रार करतो, तेव्हा घरातील मोठी माणसे आधी केसांचा आकडा नाहीतर काडीपेटी शोधू लागतात. कानात पाणी अडकले आहे, असा सगळ्यांचा समज असतो. पुष्कळदा दोष पाण्यापेक्षा मळाचा असतो, कारण आधीपासून साचलेला कोरडा मळ पाणी शोषून फुगतो आणि तोवर जेमतेम मोकळी असलेली कानाची नळी एकाएकी बंद होते. अशा वेळी घातलेली काडी हा फुगलेला मळ आणखी आत रेटते.

मुळात ‘मळ’ हा शब्दच या पदार्थावर अन्याय करणारा आहे. मोठ्या माणसाच्या कानाची नळी सुमारे २.५ सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागातील ग्रंथींमधून पाझरणारा स्निग्ध स्राव, गळालेली त्वचा आणि बारीक केस मिळून मळ तयार होतो. किंचित आम्लधर्मी असल्यामुळे तो जंतूंना व बुरशीला सहज वाढू देत नाही, त्वचेत पाणी मुरू देत नाही, आणि तुरीच्या किंवा सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत उडणारा भुसा पडद्यापर्यंत जाण्याआधीच धरून ठेवतो. नळीची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने अतिशय संथपणे सरकत असते, त्यामुळे जुना मळ आपोआप पुढे येऊन गळून पडतो. जेवताना-बोलताना हलणारा जबडा या कामाला हातभार लावतो. ज्याला नीट ऐकू येते आणि कानाचा काही त्रास नाही, त्याने कान साफ करण्याच्या फंदात पडूच नये. अंघोळीनंतर पंचाच्या टोकाने, बोट सहज पोहोचेल तेवढाच बाहेरचा भाग पुसावा.

मळ बाहेरच्या भागातच तयार होत असल्यामुळे तो पडद्याला चिकटलेला आढळला, तर बहुधा कोणीतरी तो तिथे नेऊन बसवलेला असतो. कापूस गुंडाळलेली काडी हे काम सर्वांत सफाईने करते, कारण तिच्या टोकाला थोडा मळ लागलेला दिसतो आणि कान साफ झाल्याचे समाधान मिळते. उरलेला मात्र आत ठासला जातो. आठवडी बाजारात किंवा जत्रेत कान कोरून देणाऱ्याकडे जाणेही टाळावे, कारण त्याची सळई आणि चिमटा दिवसभर अनेकांच्या कानांत फिरतात. पोकळ मेणबत्ती कानात उभी करून पेटवण्याच्या प्रकाराने मळ निघत नाही. भाजण्याची भीती तेवढी असते.

मळामुळे ऐकू कमी येत असेल, कान भरल्यासारखा वाटत असेल, तर घरी करण्याजोगा एकच उपाय आहे आणि तो म्हणजे मळ मऊ करणे. परंतु कान दुखत असेल, वाहत असेल, पूर्वी पडद्याला छिद्र पडलेले असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर कानात काहीही घालू नये. यांपैकी काही नसल्यास औषधाच्या दुकानात मिळणारे मळ मऊ करणारे थेंब, किंवा स्वच्छ ऑलिव्ह तेल, किंवा बदामाची अ‍ॅलर्जी नसल्यास बदाम तेल वापरता येते. बाटली काही मिनिटे मुठीत धरून कोमट करावी. बंद कान वर येईल असे कुशीवर झोपावे, दुसऱ्या कोणाला तरी कानाची पाळी वर आणि मागे ओढायला सांगावे, कारण त्यामुळे वाकडी नळी सरळ होते, आणि तीन-चार थेंब नळीच्या कडेवरून हळूच ओघळू द्यावेत. कानाच्या तोंडाशी असलेला लहानसा उंचवटा दोन-तीनदा अलगद दाबला की अडलेली हवा निघून थेंब आत उतरतात. पाच-दहा मिनिटे तसेच पडून राहावे आणि उठताना कानाखाली रुमाल धरावा. तेल असल्यास हे दिवसातून दोन-तीन वेळा, तीन ते पाच दिवस करावे. विकतच्या थेंबांसाठी वेष्टनावरील सूचना पाळाव्यात. पहिल्या एक-दोन दिवसांत मळ फुगून ऐकू आणखी कमी येऊ शकते. तेवढ्यासाठी घाबरून काडी हाती घेऊ नये.

आपल्याकडे पळीत करडईचे तेल घेऊन, त्यात लसणाची पाकळी तडतडवून ते कानात सोडण्याची जुनी रीत आहे. माझ्या आजीची या उपायावर फार श्रद्धा होती आणि तेल मनगटावर टेकवून पाहण्याची तिची सवयही चोख होती. तरीही मी हा उपाय कोणाला सुचवणार नाही. लसणाचा अर्क नळीच्या नाजूक त्वचेला झोंबतो, गरम तेलाने पडदा भाजू शकतो, आणि कान आधीच फुटलेला असेल तर हे तेल थेट मध्यकर्णात उतरते. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना कानात तेल सोडण्याची पद्धतही याच कारणांसाठी सोडून द्यावी.

पाच दिवसांनीही कान मोकळा झाला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आणि नांदेड, लातूर, अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हा विभाग आहे. तिथे कानात पाहून बारीक नळीने मळ शोषून घेतात, किंवा शरीराच्या तापमानाएवढ्या, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्याची धार सोडून तो काढतात. पाणी याहून फार थंड किंवा गरम असेल, तर शेजारच्या तोल सांभाळणाऱ्या अवयवात खळबळ होऊन गरगरते. घरी मोठ्या सिरिंजने जोरात पाणी मारू नये, त्यामागे हेही एक कारण आहे. मधुमेह असल्यास तो डॉक्टरांना आधी सांगावा, कारण अशा रुग्णांत पाण्याच्या धारेनंतर होणारा साधा संसर्ग हाडापर्यंत पसरण्याचा धोका असतो.

दोन प्रसंगी मात्र पाच दिवस थांबू नये. पहिला म्हणजे एका कानाचे ऐकू येणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकदम कमी होणे. हा मळ नसून आतल्या नसेचा आजार असू शकतो आणि त्यावरील औषधे लवकर सुरू केली तरच अधिक उपयोगी पडतात. दुसरा म्हणजे मुलाने कानात काही घालणे. हरभरा किंवा ज्वारीचा दाणा असेल तर पाणी सोडू नये, तो फुगून घट्ट बसतो. घड्याळातील किंवा खेळण्यातील गोल चपटा सेल असेल तर थेंब, तेल, पाणी यांपैकी काहीही न घालता, रात्र असली तरी, लगेच रुग्णालय गाठावे, कारण तो काही तासांतच आतली त्वचा जाळतो.