दाढ भरल्यावर कळ येते? आधी चावून बघा

दाढेत सिमेंट भरून आलात आणि दुसऱ्या दिवशी गार पाण्याचा घोट घेतला की कळ थेट डोक्यात! काही दिवस, कधी दोन-चार आठवडेही असं चालतं, बहुतेक वेळा आपोआप उतरतं. तोवर:

१. बधिरपणा पूर्ण गेला की दात हळूच मिटून बघा. भरलेली दाढच आधी टेकते का? सुन्न तोंडाला खुर्चीत ते नीट कळत नाही. टेकत असेल तर दवाखान्यात परत जा, लाजू नका. डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात आणि जिथे गडद डाग उमटतो तिथे सिमेंट किंचित घासतात. चार-पाच मिनिटांचं काम, सुईसुद्धा बहुधा लागत नाही.

२. पोटॅशियम नायट्रेटवाली सेन्सिटिव्ह पेस्ट आणा (खोक्यावर लिहिलेलं असतं). रात्री ब्रश झाल्यावर बोटाने त्या दाढेच्या कडेला चोळा. थुंका, पण चूळ भरू नका. गुण यायला दोनेक आठवडे लागतात.

३. फ्रिजचं पाणी, कढत चहा, लिंबू सरबत तूर्त नको. कुंदा दुसऱ्या बाजूने खा. बेळगावात राहून सोडाच म्हणणं काही खरं नाही.

दाढ दुखली की आपल्याकडे मिश्री नाहीतर तंबाखूची चिमूट दाबतात. ते अजिबात नको, हिरडीचं वाटोळं होतं.

गरम लागल्यावर कळ रेंगाळते, रात्री ठणक्याने झोप मोडते किंवा गाल सुजतो, तर आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.