उभ्या गाडीची बॅटरी रात्रीत कोण पितं? चोर शोधायची पद्धत

दिवाळीला आठ दिवस गावी राहून परत आलो, तर पार्किंगमधली गाडी रिमोटला ओ देईना. किल्लीने दार उघडलं, आतला दिवासुद्धा लागला नाही. बॅटरीच्या दुकानदाराने बॉनेट उघडून पाच सेकंदांत निकाल दिला, ‘बॅटरी गेली साहेब, नवी टाका.’ टाकली. मग सलग पाच दिवस गाडी हलली नाही आणि सहाव्या दिवशी सेल्फ मारल्यावर नुसतं कट-कट. तेव्हा कळलं की पैसे बॅटरीवर घालवायच्या आधी मीटरवर घालवायला हवे होते.

मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज आणि करंट मोजायचं यंत्र, तीन-चारशे रुपयांत मिळतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, नाहीतर ऑनलाइन. फक्त त्यावर ‘10ए’ (10 ॲम्पिअर) असं वेगळं भोक आहे ना, ते बघून घ्या. शिवाय एक 10 नंबरचा पाना, थोडी इलेक्ट्रिक टेप आणि रविवारची मोकळी सकाळ लागेल.

आधी बॅटरीचीच झडती

गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी मीटर 20 व्होल्ट डीसीवर लावून बॅटरीच्या दोन टोकांवर धरा. 12.6 च्या आसपास आकडा म्हणजे बॅटरी भरलेली. 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. आता इंजिन चालू करून पुन्हा मोजा. बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 दिसायला हवं. आकडा 12 च्या घरातच अडकला असेल तर आल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) चार्जिंगच करत नाही, पुढचं काही वाचायची गरज नाही.

दुसरी चाचणी आणखी सोपी आहे आणि माझ्या दुकानदाराने नेमकी तीच केली नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करा, निगेटिव्हची तार काढून ठेवा, गाडी दोन दिवस तशीच सोडा. तार काढलेली असतानाही व्होल्टेज 12.6 वरून 12.2 वर घसरलं तर दोष बॅटरीचाच, खुशाल बदला. ते जागेवर राहिलं आणि तार जोडल्यावरच बॅटरी बसत असेल, तर गाडीतलं काहीतरी ती पितंय. बॅटरीच्या डोक्यावर धूळ आणि अॅसिडचा ओलसर थर असेल तर तोही पुसून घ्या. त्यातूनही थोडा करंट झिरपतो.

डोळ्यांनी सापडणारे चोर

मीटर लावायच्या आधी डिकीतला दिवा तपासा. डिकी बंद झाल्यावर तो विझतो का, हे बाहेरून दिसत नाही. मोबाइलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून फोन डिकीत ठेवा, झाकण लावा, मिनिटभराने काढून बघा. ग्लव्हबॉक्सच्या दिव्याचंही तसंच. 5 वॉटचा एक क्षुल्लक बल्ब 24 तासांत सुमारे 10 ॲम्पिअर-अवर (करंट गुणिले तास, बॅटरीच्या साठ्याचं माप) खातो, आणि छोट्या गाडीची बॅटरी असते 35 ची. डॅशकॅमचा पार्किंग मोड, जीपीएस ट्रॅकर, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून विसरलेला ब्लूटूथ डोंगल, हे सगळं काढून ठेवा. बटण-स्टार्ट गाडी असेल तर किल्लीही गाडीपासून लांब ठेवा. काही गाड्या ती जवळ आली की पुन्हा पुन्हा जाग्या होतात.

मीटर जोडताना

इथे घाई केली तर मीटर जळतो, म्हणून क्रम सांगतो. मीटरची लाल वायर 10ए च्या भोकात, चकती 10 ॲम्पिअर डीसीवर. एक काच खाली ठेवा, नाहीतर गाडी स्वतःच लॉक होऊन तुम्हाला बाहेर उभं करेल. फ्यूज बॉक्स आत असेल तर त्या बाजूचं दार उघडं ठेवा, पण दाराचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरने ढकलून ‘बंद’ स्थितीत आणा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल. (नंतर दार लावण्याआधी हँडल ओढून ते कुलूप सोडवा. मी विसरलो होतो आणि दार आदळून पत्र्याला पोचा आणला.) अंगठी, कडं काढून ठेवा, बॅटरीपाशी विडी-काडी नको.

आता बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. मीटरची एक पिन त्या काढलेल्या तारेला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला. म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधूनच जातो. या अवस्थेत किल्ली फिरवायची नाही, हेडलाइट लावायचे नाहीत. सेल्फला शंभराच्या वर ॲम्पिअर लागतात. स्वस्त मीटरच्या 10ए भोकाला बहुधा फ्यूजही नसतो. पॉझिटिव्ह तारेला हात लावू नका, पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणग्यांचा पाऊस पडेल.

मग चहा प्या

हा भाग बहुतेक जण वगळतात आणि मग नसलेल्या बिघाडामागे दिवसभर धावतात. तार जोडताच गाडीतले कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे संगणक, जागे होतात, म्हणून सुरुवातीला मीटरवर 2-3 ॲम्पिअरही दिसेल. घाबरू नका. गाडी हळूहळू झोपते. जुन्या गाडीला पाच-दहा मिनिटं पुरतात, नव्या गाड्यांना अर्धा-पाऊण तास लागू शकतो. आकडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो आणि एका जागी थांबतो. तोच खरा आकडा.

0.02 ते 0.05 असेल तर गाडी निरोगी आहे. घड्याळ, अलार्म, रिमोट ऐकणारं यंत्र एवढं घेणारच. पण निरोगी गाडीही उपाशी मारते: 0.05 ॲम्पिअर म्हणजे दिवसाला 1.2 ॲम्पिअर-अवर, 35 ची बॅटरी पंधरवड्यात अर्धी. माझ्या मीटरवर 0.32 दिसलं. गुणाकार करा: दिवसाला 7.7, पाच दिवसांत बॅटरी खलास. हिशेब तंतोतंत जुळला तेव्हा मला राग यायच्या ऐवजी हसू आलं.

एकेक फ्यूज

फ्यूज बॉक्सचा आधी फोटो काढा. मग मीटरवर नजर ठेवून एकेक फ्यूज उपसायचा (मीटर दिसत नसेल तर घरातलं कोणीतरी बॉनेटपाशी उभं करा). काढलेला फ्यूज लगेच परत लावू नका. लावला की ते युनिट पुन्हा जागं होतं आणि पुन्हा अर्धा तास थांबणं आलं. ज्या फ्यूजला आकडा धपकन पडेल, चोर त्याच तारेवर. माझ्याकडे ‘ऑडिओ’ लिहिलेला फ्यूज काढताच 0.32 चं 0.03 झालं.

फ्यूज न काढताही हे जमतं. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन पिना त्यांवर टेकवा. शून्य दिसलं तर त्यातून काही वाहत नाही. 10 ॲम्पिअरच्या छोट्या फ्यूजवर 1 मिलिव्होल्ट म्हणजे अंदाजे सव्वाशे मिलिॲम्पिअर. गाडीची झोप मोडत नाही म्हणून मला हीच रीत जास्त आवडते, मात्र फ्यूज खाली कोपऱ्यात असले तर मान अवघडते.

एका फ्यूजवर चार-पाच वस्तू असू शकतात. त्यांचे प्लग एकेक काढून बघायचं. बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर पहिला संशय घ्या. माझा नवा स्टिरिओ बसवणाऱ्याने त्याची पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून कायम चालू असलेल्या तारेला जोडली होती. पिवळी वायर कायम करंटसाठी असते, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहावीत म्हणून. लाल वायर किल्लीबरोबर चालू-बंद व्हायला हवी. दोन्ही एकत्र केल्यामुळे पडदा काळा दिसायचा, आत मात्र स्टिरिओ रात्रभर जागा. लाल वायर योग्य जागी लावायला दहा मिनिटं लागली.

सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही तर आल्टरनेटरकडे वळा. त्यातला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळका झाला की करंट उलटा वाहतो आणि आल्टरनेटरची जाड तार केबिनच्या फ्यूजमधून जातच नाही. मीटरशिवायची खूण अशी: रात्रभर उभ्या गाडीचा आल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागतो. हे काम मात्र ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या.

दुरुस्ती झाली की फ्यूज फोटो बघून परत लावा, पुन्हा एकदा झोपेचा आकडा घ्या, मगच तार घट्ट करा. घड्याळ लावावं लागेल आणि काही गाड्यांत काच एका दाबात वर जाणं बंद होतं. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरलं की बहुधा जागेवर येतं. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर ती चार्जरवर भरून घ्या. तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि तुमची चांगली बॅटरी खरोखरच ‘गेलेली’ होते. आणि पुढच्या वेळी तीन आठवड्यांसाठी गावी जाताना मी काय केलं? 10 नंबरचा पाना घेतला, निगेटिव्ह तार काढली आणि तिला एक जुना मोजा चढवला.