गुठळी विरघळवल्यानंतर फुप्फुसे कशी जपावीत

पक्षाघाताची लक्षणे दिसल्यापासून ४.५ तासांच्या आत अल्टेप्लेजसारखे गुठळी विरघळवणारे औषध दिले गेले, की सगळ्यांचे लक्ष मेंदूकडे लागते. पण पुढच्या काही दिवसांत येणारा न्यूमोनिया बहुधा गिळण्याच्या बिघाडातून उद्भवतो. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाण्याचा घोट किंवा गोळीसुद्धा रुग्णाच्या तोंडात घालू नये. तपासणीत चमचाभर पाण्याने ठसका लागला किंवा आवाज ओलसर, घोगरा झाला, तर तोंडाने देणे थांबवून डॉक्टरांना सांगावे. ठसका न लागताही पाणी श्वासनलिकेत उतरू शकते, हे विसरू नये. पुढे परवानगी मिळाल्यावर रुग्णाला ताठ बसवून भरवावे आणि लुळ्या बाजूच्या गालात घास अडकलेला नाही ना, हे पाहावे. तोंड रोज स्वच्छ करावे, कारण तिथलेच जंतू फुप्फुसांत उतरतात. या कामाला क्षुल्लक मानले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

औषधानंतरच्या पहिल्या काही तासांत जीभ किंवा ओठ सुजू लागले, तर श्वासमार्ग बंद होण्याचा धोका असल्याने परिचारिकेला तत्काळ बोलवावे. रक्तदाबासाठी एसीई इनहिबिटर गटातील गोळ्या घेणाऱ्यांत ही सूज अधिक आढळते. थुंकीतून रक्त येणे विरळा, तरीही ते लगेच कळवावे.