पॅटचे ९० प्रश्न: वस्तू डोक्यात न फिरवता उत्तर कसं काढायचं

अमेरिकेतल्या डेंटल स्कूलच्या प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या डॅट परीक्षेत पर्सेप्चुअल ॲबिलिटी टेस्ट, म्हणजेच पॅट, हा एक वेगळा विभाग असतो. ६० मिनिटांत ९० प्रश्न सोडवायचे. सहा प्रकार आणि प्रत्येकाचे १५ प्रश्न, नेहमी याच क्रमाने: कीहोल, टॉप-फ्रंट-एंड, अँगल रँकिंग, होल पंचिंग, क्यूब काउंटिंग आणि पॅटर्न फोल्डिंग. अकॅडमिक ॲव्हरेजमध्ये, म्हणजे इतर विभागांच्या गुणांच्या सरासरीत, पॅटचे गुण धरत नाहीत, ते स्वतंत्र दिसतात.

यात अडकणारे बहुतेक जण एकच गोष्ट करत असतात: आख्खी वस्तू मनात उभी करून ती फिरवून बघणं. प्रश्नामागे सरासरी ४० सेकंद मिळतात, तेवढ्यात हे जमत नाही. जमलं तरी पंधराव्या प्रश्नापर्यंत डोकं बधिर होतं. त्यापेक्षा एखादी कडा, एखादं प्रमाण किंवा एखादा कोपरा धरायचा आणि त्याच्याशी न जुळणारे पर्याय छाटत जायचे.

सगळ्या प्रकारांना सारखाच वेळ देऊ नका. साधारण कीहोलला १३ मिनिटं, टॉप-फ्रंट-एंडला १५, अँगलला ५, होल पंचिंगला ७, क्यूबला ६ आणि पॅटर्नला १२ असा हिशेब ठेवला तर दोन मिनिटं हाताशी उरतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून अडलेल्या प्रश्नालाही आधी एक पर्याय निवडा, खूण करा आणि पुढे चला. प्रश्न रिकामा सोडून पुढे जाण्यात काहीच फायदा नाही.

कीहोल

एक घन वस्तू आणि पाच छिद्रं. वस्तू आत घालण्याआधी हवी तशी वळवता येते, पण एकदा शिरायला लागली की वळवायची नाही. छिद्र वस्तूच्या बाहेरच्या आकृतिरेषेइतकंच असतं. म्हणजे प्रश्न फक्त सावलीचा आहे. वरून, समोरून आणि बाजूने अशा तीन सावल्या काढा आणि त्यातली कोणती पर्यायांत आहे ते शोधा. आतल्या रेघा, खोबणी, पायऱ्या यांच्याकडे दुर्लक्ष करा. त्या सावलीत तेव्हाच दिसतात, जेव्हा त्या काठापर्यंत पोचतात. उलट मागच्या बाजूला बाहेर आलेला खुंटा मात्र सावलीत मोजावाच लागतो.

इथे दोन ठिकाणी गडबड होते. पहिली मापाची: आकार अगदी बरोबर, पण छिद्र जरासं लहान, किंवा एका खाचेची रुंदी वेगळी. वस्तू आणि छिद्रं एकाच प्रमाणात काढलेली असतात, त्यामुळे ‘खाच पूर्ण रुंदीच्या निम्मी की तिसरा हिस्सा?’ असं विचारून बघा. दुसरी गडबड आरशातल्या प्रतिमेची. छिद्र तुमच्या सावलीच्या डावी-उजवी उलट दिसलं म्हणून ते बाद करू नका. वस्तू मागच्या बाजूने घातली की सावली तशीच उलटते.

टॉप-फ्रंट-एंड

सर्वात जास्त वेळ इथे जातो, आणि पद्धत बसली की सर्वात जास्त गुणही इथेच वाढतात. वस्तूची वरून (टॉप), समोरून (फ्रंट) आणि बाजूने (एंड) अशा तीन दृश्यांपैकी दोन दिलेली असतात, तिसरं चार पर्यायांतून निवडायचं. मांडणी ठरलेली आहे: टॉप वर डावीकडे, त्याच्या खाली फ्रंट, फ्रंटच्या उजवीकडे एंड. एंड म्हणजे वस्तू उजवीकडून पाहिल्यावर दिसणारं दृश्य.

टॉप आणि फ्रंटची रुंदी एक, फ्रंट आणि एंडची उंची एक, टॉप आणि एंडची खोली एक. पहिल्या दोन जोड्या सरळ रेषेत असतात, त्यामुळे नजर आपोआप जुळवते. घोळ होतो तो तिसऱ्या जोडीत. टॉपची खालची कड म्हणजे वस्तूची पुढची बाजू, आणि एंडमध्ये ती डावीकडे येते. टॉपची वरची कड, म्हणजे मागची बाजू, एंडमध्ये उजवीकडे.

एक उदाहरण घ्या. ३ रुंद, २ खोल, १ उंच असा ठोकळा, आणि त्याच्यावर मागच्या डाव्या कोपऱ्यात एक घन. टॉपमध्ये आयताच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात चौकोन दिसतो. फ्रंटमध्ये घन डावीकडे वर दिसतो. एंडमध्ये तो उजवीकडे वर दिसायला हवा, कारण तो मागे आहे. चुकीच्या पर्यायात तो हमखास डावीकडे काढलेला असतो, आणि घाईत तोच निवडला जातो.

आता घनाच्या तळाची रेघ बघा. रेघ म्हणजे पृष्ठभागाची पातळी किंवा दिशा बदलली. आपला घन पुढच्या काठापासून आत आहे, म्हणून फ्रंटमध्ये घन आणि ठोकळा यांच्यामध्ये रेघ दिसते. तोच घन पुढच्या काठाशी सपाट लावला असता, तर तिथे रेघच आली नसती. पर्यायांमधला फरक बऱ्याचदा एवढ्या एका रेघेचा असतो. तुटक रेघ म्हणजे त्या बाजूने न दिसणारी कडा: वरून खाली आरपार पाडलेलं भोक फ्रंट आणि एंड दोन्हीत उभ्या तुटक रेघांची जोडी म्हणून येतं.

म्हणून आधी तुटक रेघा मोजा, मग ठळक, आणि आकाराकडे त्यानंतर वळा. दोन पर्याय तर आकार न बघताच गळतात.

अँगल रँकिंग

चार कोन लहानाकडून मोठ्याकडे लावायचे. आधी सर्वात लहान आणि सर्वात मोठा शोधा, मग पर्याय बघा. बऱ्याचदा मधल्या दोघांचा निर्णय घ्यावाच लागत नाही. भुजांची लांबी फसवते, तेव्हा नजर शिरोबिंदूच्या अगदी जवळ ठेवा. दोन कोनांत फरक दिसतच नसेल तर टक लावून बसू नका. पहिल्या नजरेला जे वाटलं ते द्या आणि पुढे जा. इथे जास्त वेळ घालवून उत्तर क्वचितच सुधारतं.

होल पंचिंग

चौकोनी कागद घडी घालून भोक पाडलं, तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील? कागद मनात उलगडायचाच नाही. परीक्षेत कच्च्या कामासाठी मिळणाऱ्या नोट बोर्डवर ४ × ४ चा तक्ता आखा आणि घड्या उलट्या क्रमाने सोडा. प्रत्येक घडीला तिची रेषा आरसा समजा.

समजा पहिली घडी: सर्वात वरची ओळ खाली, दुसऱ्या ओळीवर. दुसरी घडी: डावा अर्धा भाग उजव्यावर. भोकं दोन: दुसऱ्या ओळीत चौथ्या रकान्यात, आणि चौथ्या ओळीत तिसऱ्या रकान्यात. आधी दुसरी घडी सोडा. पहिल्या भोकाचं प्रतिबिंब दुसऱ्या ओळीत पहिल्या रकान्यात, दुसऱ्याचं चौथ्या ओळीत दुसऱ्या रकान्यात. आता पहिली घडी सोडा. दुसऱ्या ओळीतली दोन्ही भोकं पहिल्या ओळीत उतरतात. चौथ्या ओळीतल्या भोकांना मात्र हात लावायचा नाही, कारण त्या घडीने तिथे कागद आलाच नव्हता. एकूण भोकं ६.

नेमकी चूक इथेच होते: प्रत्येक घडीला सगळी भोकं डोळे झाकून दुप्पट केली की उत्तर ८ येतं. म्हणून दर वेळी विचारा, या भोकावर त्या घडीचा पदर होता का? तिरप्या घडीतही नियम तोच, फक्त आरसा तिरपा.

क्यूब काउंटिंग

घनांची रचना चिकटवलेली असते. तळ सोडून उघड्या सगळ्या बाजू रंगवल्या आहेत असं धरायचं, आणि अमुक बाजू रंगलेले घन किती ते सांगायचं. न दिसणारे घन तेवढेच, जेवढे वरच्यांना आधार द्यायला लागतात. एका आकृतीवर अनेक प्रश्न येतात, त्यामुळे दर प्रश्नाला नव्याने मोजू नका. ० ते ५ अशा रांगा लिहा आणि एकेका उभ्या रचेतले घन वरून खाली मोजत प्रत्येकाची रेघ संबंधित रांगेत ओढा. रांगांची बेरीज घनांच्या एकूण संख्येइतकी आली पाहिजे.

याहून पक्की पडताळणी रंगलेल्या बाजूंची आहे. ३ × २ चा एक थर आणि एका कोपऱ्यावर एक घन, असे ७ घन घ्या. वरच्या घनाच्या ५ बाजू रंगतात, त्याच्या खालच्याच्या २, उरलेल्या तीन कोपऱ्यांच्या ३-३, मधल्या दोघांच्या २-२. बेरीज २०. आता दृश्यांवरून: वरून ६ चौकोन, समोरून ४ आणि मागूनही तेवढेच, दोन्ही बाजूंनी ३-३. तेही २०. मात्र रचनेत दोन मनोऱ्यांमध्ये फट असेल तर तिच्या आतल्या बाजू बाहेरून दिसत नाहीत. त्या वेगळ्या मिळवाव्या लागतात.

पॅटर्न फोल्डिंग

सपाट आकृती घडी घालून कोणती वस्तू बनेल ते ओळखायचं. दिसणारी बाजू बाहेरची असते. घनाच्या पट्टीत एक सोडून एक असलेले चौकोन समोरासमोर येतात, त्यामुळे ते दोन्ही एकत्र दाखवणारा पर्याय लगेच बाद. मग एकाच कोपऱ्याला भिडणारे तीन रंगीत पृष्ठभाग निवडा आणि घड्याळाच्या दिशेने त्यांचा क्रम वाचा. पर्यायातल्या त्याच कोपऱ्याभोवती क्रम उलटा आला तर तो पर्याय आरशातली प्रतिमा आहे, सोडून द्या. कीहोलमध्ये चालणारी उलट प्रतिमा इथे चालत नाही. रंग नसलेल्या आकृतीत एखादा वेगळाच आकार, जसा एकुलता एक समलंब चौकोन, धरा आणि त्याच्या सर्वात लांब कडेला शेजारी कोण येतो ते बघा. एकमेकींना चिकटणाऱ्या कडांची लांबी सारखीच असावी लागते.

सरावाला सुरुवातीचे काही दिवस आकृत्या छापून, कापून खरोखर दुमडा. होल पंचिंगसाठीही कागद आणि पंच घ्या. परीक्षेत ती सोय नसते, म्हणून शेवटचे दोन आठवडे फक्त स्क्रीनवर, पूर्ण ९० प्रश्न एका बैठकीत सोडवा. चुकलेल्या प्रश्नापुढे बरोबर उत्तर लिहून थांबू नका. एंडची बाजू उलटली, पदर नसताना भोक दुप्पट केलं की माप चुकलं, ते कारण एका शब्दात लिहा. तेच कारण पुन्हा पुन्हा येत असेल, तर पुढच्या दिवशी फक्त त्याच प्रकारचे प्रश्न सोडवा.