थर्मलचे फोटो जुळत नाहीत तेव्हा

ड्रोनच्या पहिल्या थर्मल (तापमान टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या) उड्डाणाचे फोटो मेटाशेप या फोटो जोडून नकाशा बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले, तेव्हा निम्म्याहून जास्त जुळलेच नाहीत. जे जुळले त्यांतून सपाट शेताची वाकडी वाटी तयार झाली. पुढचे दोन दिवस मी सेटिंग्ज बदलत बसलो. चूक तिथे नव्हतीच. ती उड्डाणाच्या आखणीत होती आणि सापडली ती साध्या गुणाकार-भागाकाराने.

ड्रोनवर दोन कॅमेरे होते. बाजूचा ओव्हरलॅप (शेजारच्या रांगांतले फोटो एकमेकांवर किती चढतात ते) मी रंगीत कॅमेऱ्याच्या हिशेबाने ७० टक्के ठेवला होता. त्याला जमिनीची ८० मीटर रुंदी दिसत होती, म्हणून उड्डाणाच्या रांगा २४ मीटरवर पडल्या. थर्मल सेन्सर मात्र ६४० बाय ५१२ पिक्सेलचा. पिक्सेल १२ मायक्रॉन, लेन्स १३ मिलिमीटर, उंची ६० मीटर. म्हणजे जमिनीवर एक पिक्सेल साधारण साडेपाच सेंटिमीटरचा आणि अख्खा फोटो जेमतेम ३५ मीटर रुंद. त्यातून २४ मीटर सरकलो की ओव्हरलॅप उरतो ३० टक्क्यांच्या आसपास. आधीच या फोटोंत कडा पुसट आणि पोत नसल्यासारखा, त्यात टाय पॉइंट, म्हणजे वेगवेगळ्या फोटोंत ओळखू येणाऱ्या त्याच खुणा, मिळणार कुठून? आता मी थर्मलच्या रुंदीवरूनच रांगा आखतो आणि पुढचा-बाजूचा दोन्ही ओव्हरलॅप ८० टक्क्यांच्या वर ठेवतो. बॅटऱ्या जास्त लागतात, लागू देत.

तो डेटा टाकून द्यावा लागला नाही. रंगीत फोटो आधी जुळवले, त्यांच्यावरून पृष्ठभाग बनवला, त्याच क्षणी टिपलेल्या थर्मल फोटोंना तीच जागा नि दिशा दिली (दोन कॅमेऱ्यांमधला फरक धरून) आणि त्या पृष्ठभागावर थर्मल ऑर्थोमोझाइक (फोटो जोडून बनलेला सरळ नकाशा) काढलं.

दुसरा घोटाळा रंगांचा. कॅमेऱ्यातून निघालेला रंगीबेरंगी जेपेग बघायला छान असतो, पण बहुतेक वेळा प्रत्येक फोटोत रंगांची पट्टी आपोआप ताणली जाते. तोच बांध एका फोटोत पिवळा, दुसऱ्यात जांभळा. म्हणून आधी टिफ फाइल करून घ्या, ज्यांत प्रत्येक पिक्सेलला रंगाऐवजी तापमानाचा आकडा असतो. ते करताना जीपीएसची माहिती अनेकदा गळते. एक्झिफटूल या फोटोंतली माहिती हाताळणाऱ्या प्रोग्रॅमने ती मूळ फोटोतून परत चढवा. फोकल लेंथ आणि पिक्सेलचा आकारही तपासा, कारण ते चुकीचे असतील तर सॉफ्टवेअर लेन्सबद्दल भलताच अंदाज बांधतं. अलाइनमेंटला (फोटो जुळवणीला) ‘हायेस्ट’ निवडलं तर मेटाशेप फोटो मोठा करून बघतं; छोट्या थर्मल फोटोंना त्याचा कधीकधी फायदा होतो.

नकाशावर उड्डाणाच्या दिशेने पट्टे दिसले तर जमिनीला दोष देऊ नका. कॅमेरा उडताना थंड-गरम होतो, मधेच शटर लावून स्वतःला सावरतो आणि आकडा उडी मारतो. उड्डाणाआधी तो थोडा वेळ चालू ठेवला तर हे कमी होतं. रंग-जुळवणीचा पर्याय मात्र बंदच ठेवा. पट्टे जातात खरे, पण त्यांच्यासोबत तापमानही बदलतं.

मल्टिस्पेक्ट्रल कॅमेऱ्यात (जो प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे, म्हणजे बँड, स्वतंत्र टिपतो) जुळवणी तुलनेने सोपी, फक्त प्रत्येक बँडची फाइल वेगळी असते. फोटो भरतानाच ‘मल्टी-कॅमेरा सिस्टिम’ निवडली नाही तर एका क्षणाचे पाच बँड पाच स्वतंत्र फोटो म्हणून मोजले जातात. रिफ्लेक्टन्स पॅनेलच्या (किती प्रकाश परततो हे आधीच माहीत असलेल्या, आकडे जुळवायच्या पाटीच्या) फोटोवर स्वतःची सावली पडू देऊ नका. मी पाडली आहे, आणि त्या दिवशीचं सगळं पीक कागदावर अवाजवी उजळ निघालं.

एक चूक मात्र बराच काळ लपून राहते. मेटाशेपमध्ये १०० टक्के परावर्तन म्हणजे ३२७६८. या आकड्याने भागायला विसरलात तरी एनडीव्हीआय (पिकाचा हिरवेपणा दाखवणारा निर्देशांक) बरोबरच येतो, कारण त्याच्या अपूर्णांकात वर-खाली दोन्हीकडे तोच गुणक असतो. सॅव्ही या तशाच, पण मातीचा परिणाम धरणाऱ्या निर्देशांकाच्या सूत्रात मात्र खाली ०.५ हा स्थिरांक आहे आणि हजारोंच्या आकड्यांपुढे तो नसल्यात जमा होतो; उरतो तो फक्त सूत्रातला १.५ चा गुणक. तेव्हा सॅव्हीचा नकाशा जिकडेतिकडे एनडीव्हीआयच्या बरोबर दीडपट दिसू लागला, तर समजा भागाकार राहिला आहे.